बिशपच्या नख्या आणि तुझ्या आईची खुर्ची

शबॉयगन, १२ ऑक्टोबर

प्रिय कॉनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, छत उडालेलं नाही, आणि माझं कोलेस्टेरॉल जिथं होतं तिथंच आहे. दर रविवारी फोन करणारा बाप एकदम पत्र लिहायला का बसला, असं तुला वाटेल. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, "डॅड, गोळ्या घेताय ना?" मी म्हणतो, "घेतोय." मी विचारतो, "टूसॉनला ऊन आहे का?" तू म्हणतेस, "आहे." मग दोघं मिळून पॅकर्सच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना शिव्या घालतो आणि फोन ठेवतो. गेले नऊ महिने मी दर रविवारी एक गोष्ट सांगायची ठरवतो आणि दर रविवारी ती पॅकर्सच्या खाली चिरडून मरते. म्हणून आज कागद घेतला.

पहिली कबुली. मार्चमध्ये फोनवर तुला बाळ रडल्यासारखा आवाज आला होता आणि मी "टीव्ही आहे" म्हणालो होतो. ती थाप होती. तो बिशप होता. बिशप म्हणजे चर्चचा नव्हे, मांजर. सयामी बोका, साडेपाच किलो, अंग दुधाळ, तोंड, कान, पाय आणि शेपूट काळपट, डोळे निळे आणि किंचित तिरळे. त्याची बहीण मेबल. ती आकारानं निम्मी आणि अकलेनं दुप्पट. तू म्हणशील, "डॅड, तुम्हाला तर मांजरं आवडत नाहीत." खरं आहे. मला वाटायचं, मांजर म्हणजे कोपऱ्यात पडून असणारी वस्तू, उशीसारखी. सयामी मांजराचं तसं नसतं. ते बोलतं. सकाळी उठल्यापासून बोलतं. वाटी रिकामी आहे म्हणून बोलतं, भरली की ती चुकीच्या डब्यातली आहे म्हणून बोलतं. मी अंघोळीला गेलो की बिशप दाराबाहेर बसून असं प्रवचन देतो, की जणू आत माणूस बुडतोय आणि जगाला त्याचं काही नाही. नाव अशा प्रवचनांवरूनच पडलेलं. मेबल फारशी बोलत नाही, ती काम करते. कपाटाचं दार कसं उघडतं हे तिनं दोन दिवस नीट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी उघडलं. आता लोण्याची बशी फ्रिजमध्ये ठेवतो, आणि फ्रिजकडेही ती अलीकडे बारकाईनं बघते आहे.

ही दोघं आली कुठून? आता जपून लिहितो. अर्डिस लेम्के आठवते? सहा नंबरच्या बसची ड्रायव्हर. तू सातवीत असताना मागच्या सीटवरून कोणाला तरी पाव फेकून मारलास, म्हणून तिनं तुला दोन चौक आधी बर्फात उतरवलं होतं. पाय आपटत घरी आलीस आणि म्हणालीस, "ती बाई चेटकीण आहे!" तुझी आई भांडी पुसत होती. ती न वळता म्हणाली, "बरं केलं तिनं." तीच अर्डिस. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या मंगळवारच्या पत्त्यांच्या टेबलावर ती असते. बाकी आम्ही चौघे खुर्च्यांच्या कारखान्यातले. पाच माणसांत मिळून त्रेचाळीस बोटं, आणि त्यातली दहा एकट्या अर्डिसची, म्हणून पत्ते तीच वाटते. जानेवारीत उणे पंचवीसला तिच्या घरातले पाइप फुटले आणि स्वयंपाकघरात स्केटिंग करता येईल इतका बर्फ झाला. मी म्हणालो, "तुझं घर दुरुस्त होईपर्यंत कॉनीच्या खोलीत राहा, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "दोन मांजरं आहेत." मी म्हणालो, "मांजराचं काय एवढं!" हे वाक्य ती मला अजून ऐकवते. पाइप फेब्रुवारीत दुरुस्त झाले. आज ऑक्टोबरची बारा तारीख आहे.

आता खुर्चीकडे येतो. तुझ्या आईची खुर्ची. तू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात ती मी तळघरात केली. चेरीचं लाकूड, एकही खिळा नाही, आणि निळं लोकरी कापड, जे तुझ्या आईनं, माझ्या एल्डानं, तीन दुकानं पालथी घालून आणलं. तुला तिनं त्याच खुर्चीत पाजलं. ती गेली तेव्हा मी तुला शब्द दिला होता, की ही खुर्ची तुझी, माझ्यानंतर टूसॉनला जाईल, आणि तोवर तिच्यात कोणी बसणार नाही. नऊ वर्षं ती खिडकीशी तशीच उभी होती. पाद्री आले तरी त्यांना सोफ्यावर बसवलं. आणि अर्डिस आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत आलो तर बिशप मागच्या पायांवर उभा राहून, पुढचे दोन्ही पंजे खुर्चीच्या उजव्या हातावर रोवून, कोणी वीणा वाजवावी तसा आपल्या नख्या खालपर्यंत ओढतोय. कापडाच्या वीतभर दशा झाल्या होत्या. मी असा ओरडलो, की मेबल पडद्यावर चढली आणि पडदा खाली आला.

मग खोलीचं दार बंद ठेवून पाहिलं. दार कसं उघडायचं ते मेबलला कळलं. खुर्चीवर प्लास्टिक घातलं, बिशपला ते सोलायला आवडलं. पिचकारीनं पाणी मारलं, तर तो भिजलेल्या अंगानं माझ्या उशीवर जाऊन बसला आणि तिथून बोलला. ऑगस्टपर्यंत उजवा हात पुरता गेला आणि डाव्याला सुरुवात झाली. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी अर्डिसला म्हणालो, "एक तर यांच्या नख्या जातील, नाहीतर ही दोघं जातील. कॉनीला मी शब्द दिलाय." दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी दिसली. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "नॉर्ब, ती माझ्याबरोबर आली, माझ्याबरोबर जातील. रागावले नाहीये मी. तुझा शब्द तू पाळ."

कॉनी, खोकी बघून मला कळलं, की तुझी आई गेल्यावर हे घर जसं रिकामं झालं तसं पुन्हा होणार. मग मी ठरवलं, नख्या काढून टाकू, म्हणजे खुर्ची राहील, मांजरं राहतील आणि खोकीही तळघरात जातील. तुला माहीतच आहे, आपल्याकडे यात कोणाला काही वाटत नाही. फुकटच्या पेपरात टायर बदलण्याच्या कूपनशेजारी मांजराच्या नख्या काढण्याचं कूपन असतं. गल्लीतल्या निम्म्या मांजरांच्या काढलेल्या आहेत. मला वाटायचं, गादीच्या कापडातले बारीक खिळे जसे पकडीनं ओढून काढतो, तसंच ते. एक ओढली, दुसरी ओढली, झालं काम. अर्डिसला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्या आधीच्या मांजरीच्या काढल्या होत्या. नंतर ती चावायला लागली, अगदी मलासुद्धा. आम्ही म्हणायचो, मेली खडूसच आहे." मग म्हणाली, "घेऊन जायचं तर तू जा. मी येणार नाही." मी गुरुवारची वेळ घेतली.

दोघांना एका पिंजऱ्यात घालून निघालो. सात मिनिटांच्या रस्त्यात बिशपनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दवाखान्यात नवीन डॉक्टर होती, तिशीची, हसरी. पाटीवर नाव होतं डॉ. कालिया शाँग. मी फॉर्म भरला, "पुढच्या पायांच्या" या चौकटीत खूण केली आणि सही केली. ती फॉर्म वाचायच्या ऐवजी माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "मिस्टर ड्रायर, तुम्ही खुर्च्यांच्या कारखान्यात होता का?" म्हटलं, "एक्केचाळीस वर्षं." ती म्हणाली, "मग माझ्या बाबांनी तुमचाच हात धरून ठेवला होता."

तिचे बाबा म्हणजे कारखान्यातला शाँग. तुला तो आठवायचा नाही. तो परदेशातून नुकताच आलेला होता, त्याला आमची भाषा येत नव्हती आणि मला त्याची. यंत्रकरवतीत माझी दोन बोटं गेली, तेव्हा त्यानं अंगातला शर्ट काढून माझ्या हाताला गुंडाळला आणि दवाखाना येईपर्यंत माझा हात डोक्याच्या वर धरून उभा राहिला, ट्रकच्या हौद्यात, उघड्या अंगानं, नोव्हेंबरात. त्याची ही मुलगी. म्हणाली, "बाबा अजून सांगतात, इंग्रजीतल्या सगळ्या शिव्या त्यांना त्या एका ट्रकमध्ये कळल्या." मी हसलो. मग ती म्हणाली, "जरा हात द्या." मी दिला. तिनं माझ्या चांगल्या बोटाचं शेवटचं पेर चिमटीत धरलं आणि म्हणाली, "मांजराची नखी माणसाच्या नखासारखी नसते. ती या हाडातूनच उगवते. नखी काढायची तर हे पेरच कापावं लागतं. इथून." आणि तिचं बोट सरकत माझ्या मधल्या बोटाच्या थोटकावर आलं. "तुमचं कापलंय, बरोबर तिथून. पुढच्या दोन पायांची मिळून दहा. दोन मांजरांची वीस. तुम्हाला हवं असेल तर बोला. मला विचाराल तर मी करू नका म्हणेन."

वीस. माझी तर दोनच गेली होती. मी तिथं बसून काय आठवत होतो सांगतो. जानेवारीत जे पेर नाही त्याला खाज सुटते आणि खाजवायला काही नसतं. बारीक खिळा उचलायला गेलो की बोट त्याच्या अलीकडेच संपतं. आणि ते पहिलं वर्ष, कॉनी. तू चौदा वर्षांची होतीस. त्या वर्षी मी घरात प्रत्येकावर गुरगुरलो. तू ताट जोरात ठेवलंस म्हणून तुला टेबलावरून उठवलं, तुझी सायकल पावसात फेकली, आणि तुझ्या वाढदिवसाला तळघरातून वर आलो नाही. तू मला तेव्हा एक प्रश्न विचारला होतास, "डॅड, मी काय केलं?" मी उत्तर दिलं नाही. तू काहीच केलं नव्हतंस. माझा हात दुखत होता आणि हे सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी चावत होतो. सत्तावीस वर्षं उशीर झाला आहे, पण उत्तर हेच आहे. माझं चुकलं, पोरी.

मी फॉर्म परत मागितला आणि फाडला. डॉक्टरनं मला नख्यांची फक्त टोकं कापायची कात्री दिली, दर दोन आठवड्यांनी कशी कापायची ते दाखवलं आणि सांगितलं, की यांना उभं राहून अंग ताणायला उंच, न डगमगणारा खांब हवा. मी खुर्चीची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "ती त्याच एका खुर्चीला का ओरबाडतात? मांजरं सहसा आपलं माणूस जिथं बसतं तिथं खूण करतात. त्या खुर्चीत कोण बसतं?" मी म्हणालो, "कोणी नाही. नऊ वर्षांत कोणी नाही." ती म्हणाली, "नवल आहे."

घरी आलो तेव्हा अर्डिस दारातच होती, कोट घालून. खोकी तिच्या पायाशी. मी पिंजरा उघडला. बिशप बाहेर आला, त्यानं चारही पाय एकेक करून झटकले आणि दाराच्या पायपुसण्यावर दहाही नख्या कराकरा ओढल्या. अर्डिसनं ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला जमलं नाही." ती पायरीवर बसून रडली, मग हसली, मग मला म्हणाली, "कोट काढते. तू कॉफी ठेव."

त्या आठवड्यात मी तळघरात उतरलो. एक्केचाळीस वर्षांचा कारागीर मांजराला खांब करायला निघाला म्हटल्यावर खांब साधा होईल का! चेरीचा बुंधा, चार पाय, सगळं खाचेत खाच बसवून, वर घायपाताचा दोर इतका घट्ट, की वाजवला तर सूर निघावा. मोठ्या थाटात वर आणला. दोघांनी तो हुंगला, आणि दोर ज्या खोक्यातून आला होता त्या खोक्यात जाऊन झोपली. अर्डिस म्हणाली, "बनवलायस छान. आम्ही त्याला कोट अडकवू." मंगळवारच्या टेबलावर हे कळलं तेव्हा एकानं हसताना तोंडातली बिअर पत्त्यांवर सांडली.

तेव्हा मी अर्डिसला डॉक्टरचा प्रश्न सांगितला. म्हटलं, बघ काय गंमत, जिथं कोणी बसत नाही तिथंच यांच्या नख्या शिवशिवतात. अर्डिस म्हणाली, "नॉर्ब, मी जानेवारीपासून तुला ऐकतेय."

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, जगाला दिसत नाही. ही माझी दुसरी कबुली. त्या खुर्चीत कोणी बसत नाही हे मी तुला सांगितलं, पाद्रींना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. मी बसतो. नऊ वर्षं, रोज सकाळी, कॉफी घेऊन. बसतो आणि तुझ्या आईशी बोलतो. बर्फ किती पडला, टोमॅटो कसे आले, तू फोनवर काय म्हणालीस. मला वाटायचं, अर्डिस झोपलेली असते. ती जागी असायची आणि माझं बोलणं संपेपर्यंत बाहेर यायची नाही. आणि बिशप? तो पहिल्याच आठवड्यात त्या उजव्या हातावर येऊन बसायला लागला. मी एक वाक्य बोललो की तो एक बोलायचा. मी म्हणायचो, "एल्डा, यंदा वाटाणा गेला." तो म्हणायचा, "म्याऽऽऊ." त्या बिचाऱ्याला वाटत होतं, हा म्हातारा रोज सकाळी माझ्याशीच बोलतो. नऊ वर्षांत मला उत्तर देणारा तो पहिलाच. अशा माणसाच्या खुर्चीवर त्यानं खूण केली तर त्याचं काय चुकलं?

मग मी खांब उचलून खुर्चीच्या उजव्या हाताला अगदी चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसलो, बिशप आला, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उभा राहून दोरावर अशी वीणा वाजवली, की अर्डिस तुझ्या खोलीतून ओरडली, "वाजला का?" आता खुर्चीला ती दोघं क्वचितच हात लावतात. मेबल रविवारी लावते. का, ते तिचं तिलाच ठाऊक. गेल्या मंगळवारी डॉ. शाँगचे वडील घेवड्याची पिशवी घेऊन आले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोटकं नीट तपासली, मान डोलावली आणि ट्रकमधली एक शिवी अस्खलित म्हणून दाखवली.

आता पत्र का लिहिलं ते. खुर्ची मी तुला कबूल केली होती तशी उरली नाही. दोन्ही हातांच्या दशा आहेत, आणि मला त्या बदलाव्याशा वाटत नाहीत. सोबत निळ्या कापडाचा तुकडा ठेवला आहे. तो बैठकीच्या खालून काढला, तिथं नखी पोचली नव्हती की ऊन. तुझी आई ते घेऊन दुकानातून आली त्या दिवशीचा रंग असाच होता. पण खरं विचारायचं ते वेगळंच आहे. सप्टेंबरातल्या श्रमदिनाच्या सुट्टीत मी अर्डिसला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. त्या खुर्चीत मी बसतो, बिशप बसतो, मेबल तर पाय वर करून झोपते. पण अर्डिस नऊ महिन्यांत एकदाही बसलेली नाही. सकाळी ती स्वयंपाकघरातलं स्टूल आणते आणि माझ्याशेजारी त्यावर बसून कॉफी पिते. म्हणाली, "ही खुर्ची कॉनीची आहे. तिनं बस म्हटलं तर बसेन, आणि बसले की तुझ्या प्रश्नाचं उत्तर देईन. मी त्या पोरीला एकदा बर्फात उतरवलंय, आता तिची पाळी." तर कॉनी, या रविवारी मी फोन करणार नाही, तू कर. फोन आधी बिशप घेईल, त्याचं बोलणं संपू दे. मग मला काही सांगू नकोस, थेट तिच्याशीच बोल. ती स्टुलावर असेल. स्टूल फार कडक आहे गं, मीच केलंय.

तुझाच, आठ बोटांचा,
डॅड